मामीच्या तासाला निळा पडदा

भाचीनं लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर पालथा घातला आणि शेवटचा स्क्रू बशीत टाकला. मागचं झाकण सुटलं तसे मामा चष्मा सावरत पुढे वाकले.

"धूळ असणार बघ."

"धूळ नाहीये मामा. मागच्या वेळीच साफ केलीय."

"मग व्हायरस."

"तोही नाही."

मामांची सगळी हयात शाळेत भूगोल शिकवण्यात गेली होती. प्रश्न दिसला की उत्तर द्यायचं, आणि समोरच्याला येत नसेल तर त्याच्या वतीनंही आपणच द्यायचं, ही त्यांची जुनी खोड. घरात कुणी तिचं वाईट वाटून घेत नसे. त्यामागची माया सगळ्यांना ठाऊक होती.

एरवी भाची एका मोठ्या कचेरीतले संगणक सांभाळायची, त्यामुळे बिघाड तिला नवे नव्हते. या लॅपटॉपनं मात्र तिला जेरीस आणलं होतं. चालू असताना तो मध्येच गचका खाई, पडदा निळा होई आणि त्यावर एक पांढरं रडकं तोंड उमटे. तिनं ड्रायव्हर बदलले, सगळी प्रणाली पुसून नव्यानं घातली, रॅमची चाचणी घेतली. शेवटी तो स्वतःच्या घरी नेऊन ठेवला, तर तिथे तो एकदाही पडला नाही.

"माझ्याकडे शहाण्यासारखा वागतो," ती म्हणाली. "तुमच्याकडे आला की याच्या अंगात येतं."

मामा हसले नाहीत. त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे मामी खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. पक्षाघातानं तिची उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही. तिला कळत सगळं होतं, पण शब्द ओठांपर्यंत येऊन माघारी फिरत. बोलायला शिकवणाऱ्या बाई दुसऱ्या गावी असत, म्हणून तास लॅपटॉपवर चाले. हे महिने हातचे गेले तर पुढे अवघड आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि नेमका प्रत्येक तास त्या निळ्या पडद्यानं मोडत होता.

"काहीही कर," मामा हळूच म्हणाले, "पण हे यंत्र नीट कर गं. घरात नुसता माझाच आवाज ऐकू येतो."

भाचीनं रॅमची पट्टी बोटानं दाबून पाहिली. पट्टी धरून ठेवणारी एका बाजूची पकड ढिली होती. म्हणजे डाव्या कोपऱ्यावर दाब आला की पट्टी हलणार आणि यंत्र कोलमडणार. फोमचा एक तुकडा मध्ये दडपला की काम झालं. तिनं तुकडा कापलाही. पण कोपरा असा दाबतं कोण? आणि तेही फक्त तासालाच?

तिनं तुकडा न बसवताच झाकण लावलं.

"आजचा तास माझ्यासमोर होऊ दे," ती म्हणाली.

लॅपटॉप मामीपुढच्या टेबलावर ठेवला. मामा नेहमीप्रमाणे तिच्या उजव्या हाताला खुर्ची ओढून बसले. भाची डावीकडे उभी राहिली. पडद्यावर बाई आल्या आणि त्यांनी कपाचं चित्र धरलं.

"हे काय आहे? सावकाश सांगा. घाई नाही."

मामीचे ओठ हलले. "क..."

"कप!" मामा म्हणाले. "सोपं आहे. म्हण, कप."

"काका, त्यांना वेळ द्या," बाई म्हणाल्या.

"देतोय की. हं, क... क..."

मामीनं ओठ मिटले. तिचा चांगला हात, डावा, टेबलावरून सरकत लॅपटॉपच्या कोपऱ्यावर आला. आधी नुसता टेकला. मग अंगठ्यानं नेम धरून जोर दिला.

पडदा निळा झाला.

"बघितलंस?" मामा ताडकन उठले. "हे असं! चांगली बोलायला लागली होती!"

भाची मामीकडे पाहत होती. मामीनं नजर चुकवली नाही. तिचे डोळे भरले होते, आणि चोरी पकडली गेलेल्या पोरीसारखी ती किंचित लाजलीही होती. इतके दिवस आपण आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला देत होतो.

"सापडलं का?" मामांनी विचारलं.

"सापडलं बहुतेक." भाची म्हणाली. "तुमच्या मोबाइलमुळे होतंय. तास चालू असताना तो घेऊन तुम्ही स्वयंपाकघरात बसत जा."

"हात्तिच्या! मोबाइल ठेवून येतो तिकडे. मी इथेच बसतो. माझ्याशिवाय तिला जमायचं नाही."

भाची आणखी एक थाप मारणार होती. तेवढ्यात मामीनं डावा हात वर केला.

"अ... अहो."

मामा जागच्या जागी थांबले. कित्येक महिन्यांत ही हाक घरात उमटली नव्हती. त्यांचा चेहरा असा फुलला, की भाचीला बघवेना.

"काय गं? बोल ना. काय?"

मामीनं दाराकडे बोट केलं.

"जा."

मामांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग ते बाहेर गेले. मोबाइल टेबलावरच राहिला.

भाचीनं लॅपटॉप पुन्हा सुरू केला. फोमचा तुकडा तिच्या मुठीत होता. तिनं तो मामीला दाखवला आणि भुवया उंचावून विचारलं. मामीनं मान हलवली, नको. भाचीनं तुकडा खिशात टाकला.

बाई परत आल्या. परत तेच चित्र. दारातून मामा दिसत होते. ओट्याला टेकून ते उभे होते, आणि एक हात स्वतःच्याच तोंडावर घट्ट दाबलेला होता.

मामीचा हात कोपऱ्यावर गेला. बराच वेळ तिथे राहिला. मग उचलला जाऊन मांडीवर आला.

"च..." ती म्हणाली. "चहा."

भाचीनं दाराकडे पाहिलं. मामांनी तोंडावरचा हात खाली घेतला होता.

चूक कुणी सुधारली नाही. स्वयंपाकघरातून फक्त पातेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि मग गॅस पेटल्याचा.