सहावा फर्मा

मावशींनी सुरी पुठ्ठ्याच्या सांध्यात घातली आणि एका ओढीत पुस्तकाची पाठ मोकळी केली. वाळलेल्या सरसाचे कपचे टेबलभर उडाले. मग एकेक टाका कापत त्यांनी फर्मे सुटे केले. फर्मा म्हणजे घडी घालून एकत्र शिवलेली सोळा पानं. या पुस्तकात असे आठ. सगळ्यात शेवटचा फर्मा उचलताना मात्र त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

दारात कुणी नव्हतं. मागच्या खोलीत लेक पुठ्ठे कापत होती, तेवढाच आवाज.

वाचनालयानं आता पुन्हा बांधायला पाठवलेलं हेच पुस्तक चौतीस वर्षांपूर्वी याच टेबलावर आलं होतं. मावशी तेव्हा एकोणीस वर्षांच्या. वडील परगावी गेलेले आणि वाचनालयाचा निरोप, की उद्या सकाळी पाहिजे. घाईघाईत सहावा फर्मा आठव्यानंतर शिवला गेला. लक्षात आलं तेव्हा सरस खडखडीत वाळला होता, आणि वडील घटकाभरात येणार होते. वडिलांचा हात जितका हलका, तितकीच जीभ तिखट. मग मुलीनं आपली अक्कल पाजळली. पुस्तक कटिंग मशीनमध्ये घातलं आणि खालची कड चांगली बोटभर कापून टाकली. पानांचे आकडे केराच्या टोपलीत गेले. आकडेच नाहीत तर चूक कुणाला दिसणार? झाकली मूठ सव्वा लाखाची!

फक्त गोष्टीचं काय होईल, हे काही तिनं पाहिलं नव्हतं.

गोष्ट होती एका म्हाताऱ्या, कुरकुऱ्या कासवाची. त्याच्या पाठीवर अख्खं बेट, आणि बेटावर घर हरवलेली दोन भावंडं. आठव्या फर्म्याच्या शेवटी वादळ येतं, कासव मुलांना किनाऱ्यावर पोचवतं आणि स्वतः समुद्रात बुडतं. लिहिणाऱ्यानं ते तिथंच संपवलं होतं. पण या प्रतीत मुलं डोळे पुसत पान उलटायची, तर समोर कासव उन्हात पाय पसरून बसलेलं आणि विचारतंय, "माझा भोपळा कुणी खाल्ला?" कसं वाचलं, कुठून आलं, चकार शब्द नाही!

पुस्तक पुन्हा कधी छापलं गेलं नाही. गावात ही एकच प्रत. तिच्यावर दोन पिढ्या वाढल्या. कासव परत कसं आलं यावर पोरांनी शाळेत मारामाऱ्या केल्या. कुणी म्हणे त्यानं श्वास धरून ठेवला, कुणी म्हणे त्याला मरायचाही आळस. ती पोरं आता केस पिकलेली माणसं झाली होती, आणि दरवर्षी एका रविवारी सकाळी वाचनालयात जमून वादळापासूनचा भाग मोठ्यानं वाचायची, आपापली मुलं मांडीवर घेऊन. मावशींना बोलावणं असायचंच. त्या एकदाही गेल्या नाहीत. एका वर्षी गुडघा, एका वर्षी पाहुणे. खरं तर भीती. भर सभेत कुणी उठून म्हणालं, की हे बांधलंय कुणी, तर?

पुढच्या महिन्यापासून दुकान लेक बघणार होती. तिच्या हातात हे खोटं द्यायचं नव्हतं. मावशींनी सुईत दोरा ओवला, सहावा फर्मा उचलला आणि पाचव्यानंतर ठेवला. पुस्तक शिकंज्यात आवळलं तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

"आई, या वर्षी येतेस वाचनाला?" लेकीनं सवयीनं विचारलं.

"येते."

लेक कात्री हातात धरून बघतच राहिली.

दिवाणखान्याएवढं ते वाचनालय, त्यात दीडेकशे माणसं. खिडक्यांतही पोरं. वाचायला उभा होता बसचा ड्रायव्हर. लहानपणापासून सगळे त्याला कासव्या म्हणत. त्याचा वादळाचा आवाज असा, की मागची बाळं रडायला लागली. कासव बुडालं. हॉल चिडीचूप. कासव्यानं पान उलटलं.

आणि थांबला.

एक पान पुढे गेला, दोन मागे आला. मावशींनी डोळे मिटले. अरे देवा, हे काय केलं मी! एवढ्या पोरांसमोर कासव मारून टाकलं!

कासव्यानं पुस्तकात बोट घालून ते मिटलं, छाती फुगवली आणि गरजला, "माझा..."

"...भोपळा कुणी खाल्ला?" अख्खा हॉल ओरडला. म्हातारे ओरडले, पोरं बाकांवर चढली. पुढचं सगळं प्रकरण कासव्यानं तोंडपाठ म्हटलं. अडखळला तिथं दहाजण धावून आले. मावशीही ओरडत होत्या, हे त्यांना लेकीनं कोपर मारल्यावर कळलं. घसा बसला, पण इतकं छान त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

गर्दी पांगल्यावर कासव्या पुस्तक घेऊन हळूच जवळ आला.

"मावशी, रागावू नका हं. कुणाला कळलं नाही, मी सांभाळून घेतलं."

"काय झालं रे?"

"बांधताना पानं मागेपुढे झालीत. भोपळ्याचं प्रकरण पार वादळाच्या आधी जाऊन बसलंय." त्यानं आवाज आणखी खाली आणला. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच चूक झाली तुमच्या हातून. मनाला लावून घेऊ नका. पानांना आकडे नाहीत ना, त्यामुळे घोळ झाला असेल."

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. ओठांवर आलेलं हसू त्यांनी मोठ्या कष्टानं आवरलं.

"हो रे," त्या म्हणाल्या, "तसंच झालं असणार. आण इकडे, उद्या नीट बांधून देते. आणि पुढच्या वर्षी मला पहिल्या रांगेत जागा धर."