ओळखीसाठी उसना कुत्रा

मी कुत्रा बोलतोय. भुंकत नाहीये, बोलतोय. तेव्हा हातातला दगड खाली ठेवा आणि ऐका. माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

एका गॅरेजमागे, जुन्या टायरांच्या ढिगात माझा जन्म झाला. डोळे नीट उघडायच्या आत कुणीतरी लाथ घातली. निवृत्त नर्स असलेल्या मावशींनी मला उचलून घरी आणलं. त्यांच्याशी माझं पटतं, कारण त्या उगाच गोंजारत बसत नाहीत.

मग शेजाऱ्याची नोकरी गेली. खोकी बनवणाऱ्या कारखान्यात तो भांडार सांभाळायचा. जिन्यात मला पाहिलं की नाक दाबणारा हा माणूस एका सकाळी आमच्या दारात उभा!

"मावशी, तुमचे गुडघे दुखतात ना? मी रोज फिरवून आणतो याला."

मावशी विरघळल्या. मी गुरगुरलो, पण माझं कोण ऐकतंय!

खरं कारण बागेत कळलं. एका मोठ्या कंपनीत माणसं नेमणारे साहेब तिथे आपली पांढरी कुत्री घेऊन यायचे. ओळख ना पाळख, सरळ जाऊन बोलणार कसं? म्हणून मध्ये मी. "आमचा हा पहिल्यापासून लाडोबा," असं सांगत तो माझ्या कानामागे खाजवायचा. आमचा म्हणे! साहेब हसले की हा हसायचा, साहेब खोकले की याला काळजी वाटायची. शेपूट मला आहे, पण हलवत तो होता.

संताप यायचा. पण भिंतीपलीकडचं भांडणही मला ऐकू यायचं. "या महिन्यात काही जमलं नाही, तर मी मुलांना घेऊन भावाकडे जाते," असं त्याची बायको म्हणाली होती. म्हणून मी मुकाट चालत राहिलो.

त्याच्या खिशातला फोन मात्र रोज थरथरायचा. फोन असायचा कारखान्यातल्या जुन्या सोबत्याचा, ज्याला तो जाड्या म्हणायचा. त्याचीही नोकरी गेलेली. "हा मला काय देणार कपाळ? स्वतःच घरी बसलाय," असं पुटपुटत तो फोन कापायचा.

साहेब पूर्वी घड्याळ बघत घाईने निघायचे. हल्ली ऊन चटके देईपर्यंत बाकावर बसून राहायचे. मला ते दिसत होतं. याला दिसलं नाही.

आज सकाळी त्याने धीर केला. "साहेब, तुमच्या कंपनीत माझ्यासारख्याला काही..."

साहेब आपल्या कुत्रीकडेच बघत राहिले. "अहो, मला तिथून कधीच काढलं. आता मला तिथे कुत्रं विचारत नाही. मला वाटत होतं, तुमच्याच ओळखीत कुठे काही असेल."

माझ्या कानामागचा हात तिथल्या तिथे निघाला. साहेब गेल्यावर बऱ्याच वेळाने त्याने जाड्याला फोन लावला. जाड्याचा आवाज दणदणीत, मलाही ऐकू आला.

"अरे, होतास कुठे? मला एका गोदामात घेतलंय. त्यांना भांडाराला माणूस हवा होता, मी तुझंच नाव सांगितलं होतं. किती फोन केले तुला! काल दुसरा घेतला रे त्यांनी."

राग निघाला साखळीवर. घरापर्यंत त्याने मला फरफटत आणलं.

दारात बायको वाट बघत होती. "काय म्हणाले साहेब?"

"नक्की करतो म्हणाले. थोडं थांबा म्हणाले."

तिचा चेहरा उजळला. मी जीव तोडून भुंकलो.

"मावशी, आवरा हो याला!" ती म्हणाली. "चांगली बातमी आली आणि मेला भुंकतोय."

मावशींनी मला आत ओढून दार लावलं. दुसरा कुणी साहेब हेरून तो उद्या पुन्हा माझी साखळी मागायला येईल. माझी भाषा तुम्हाला कळली असेल, तर एवढं करा: त्या बाईला जाऊन खरं सांगा. तो सांगणार नाही.