एकेचाळीस भीतिचित्रे

रविवारी दुपारी बाईंनी जेवणाचं टेबल पुसलं, निबंधांचा गठ्ठा डावीकडे ठेवला आणि लाल पेन उघडलं. पहिल्याच निबंधाला त्या इतक्या मोठ्याने हसल्या, की आत आडवा झालेला नवरा उठून बाहेर आला.

"अहो, ऐका ऐका. 'भीतिचित्र म्हणजे पाहणाऱ्याला भीती वाटावी म्हणून काढलेले चित्र. राजे लोक महालाच्या दाराशी भीतिचित्रे काढून घेत, त्यामुळे शत्रू बाहेरूनच परत जात असे.'"

विषय होता भित्तिचित्रांचा इतिहास. भित्ती म्हणजे भिंत, आणि भिंतीवरचं चित्र ते भित्तिचित्र, एवढं कळायला काही काशीला जावं लागत नाही. बाई कॉलेजात तीस वर्षं इतिहास आणि कला शिकवत होत्या. ओला गिलावा कसा देतात, तो वाळायच्या आत रंग कसा भरतात, हे त्या असं सांगत, की जणू कालच परांचीवरून उतरून आल्या आहेत. निबंधाचा विषय मात्र त्यांनी वर्गाबाहेर पडता पडता दारातूनच फेकला होता. फळ्यावर लिहायचे कष्ट त्या सहसा घेत नसत.

दुसऱ्या निबंधातही भीतिचित्रच होतं. तिसऱ्यातही. चौथ्यात तर राजाच्या शयनगृहात भीतिचित्रं असल्यामुळे राजा पहाटे लवकर उठे, अशी माहिती होती. एका विद्वानाने लिहिलं होतं, 'भीतिचित्रांत प्रामुख्याने स्त्रिया आढळतात. यावरून त्या काळी घरात कोणाचा दरारा होता हे सिद्ध होते.' हे वाचून नवराही हसला, पण जरा जपून.

बाईंची दुपार फार सुखात चालली होती. मुलं त्यांना पाठीमागे चिमटाबाई म्हणत, हे त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं. निबंधात चूक सापडली की दुसऱ्या दिवशी ती वर्गात मोठ्याने वाचायची, वर शेलकी टिप्पणी करायची आणि वर्ग हसला की पुढचं पान उलटायचं, ही त्यांची रीत. शिक्षकाच्या पगारात करमणूक धरलेली नसते, ती ज्याची त्याने शोधावी लागते.

"सगळ्यांची एकच चूक?" नवऱ्याने विचारलं. तो छापखान्यात पस्तीस वर्षं प्रुफं तपासून निवृत्त झाला होता. लेख काय म्हणतो यापेक्षा वेलांटी कुठली आहे याकडे त्याचं लक्ष जास्त.

"एकेचाळीस जणांची! बेचाळिसाव्याने निबंधच दिला नाही, म्हणून तो बिचारा शुद्ध राहिला."

"मग ती चूक त्यांची नसेल."

"नसेलच! बाजारात कुठलं तरी गाइड आलं असेल, त्यातून उतरवलंय सगळ्यांनी. मेंढरं नुसती."

नवऱ्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं, आणि "चहा टाकू का?" असं विचारून तो आत गेला.

सोमवारी सकाळी वर्गाच्या आधी बाईंनी प्राचार्यांच्या हातात तक्रार ठेवली. एकेचाळीस निबंध नक्कल केलेले, सबब रद्द करावेत. नियम साधा होता: निबंध रद्द म्हणजे त्या विषयाच्या वार्षिक परीक्षेला बंदी, आणि बंदी म्हणजे वर्ष गेलं. प्राचार्यांना शिस्त फार प्रिय होती, विशेषतः दुसऱ्याने लावलेली. गुरुवारी नोटीस लावतो म्हणाले.

मग बाई वर्गात गेल्या. रात्रीतून भाषण चांगलं मुरलं होतं.

"काल मला मोठं ज्ञान मिळालं," त्यांनी सुरुवात केली. "आपले पूर्वज गुहेत बसून एकमेकांना घाबरवत होते. भिंत राहिली बाजूला, भीती तेवढी शिल्लक राहिली. तर मंडळी, हे अमृत ज्या गाइडातून प्यायलात, ते जरा मलाही दाखवा. मरताना निदान शहाणी होऊन मरेन."

कोणी हसलं नाही. एरवी अशा वाक्याला मागचे दोन बाक तरी खिदळत. बाईंनी तक्रारीचं सांगितलं, गुरुवारच्या नोटिशीचं सांगितलं. पुढच्या रांगेतल्या एका मुलाचा चेहरा पांढराफटक पडला.

शेवटी खिडकीजवळची एक मुलगी उठली. उंच, किरकोळ, आवाज जेमतेम ऐकू येणारा. तिने दप्तरातून झेरॉक्सचा एक गठ्ठा काढला आणि बाईंच्या टेबलावर ठेवला. सातवं पान उघडून ठेवलं होतं. मथळा जाड अक्षरात होता: भीतिचित्रे. शेवटच्या पानावर तळाशी सही होती. ऐटबाज, खाली दोन रेघा ओढलेली.

सही बाईंची होती.

अकरा वर्षांपूर्वी त्यांनी या नोट्स एका टायपिंगवाल्याला भराभर सांगून लिहून घेतल्या होत्या. त्याने ऐकलं तसं बडवलं. बाईंनी वाचलं नाही, कारण स्वतःचंच काय वाचायचं? तेव्हापासून दरवर्षी त्याच नोट्स झेरॉक्सच्या दुकानातून नव्या वर्गाकडे जात होत्या. या भागावर निबंध मात्र यंदाच पहिल्यांदा दिला होता.

"पण वर्गात मी भित्तिचित्रच म्हणते ना?" बाईंचा आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. "तुमच्यातल्या एकालाही कळलं नाही?"

"कळलं होतं, बाई," मुलगी म्हणाली. "सगळ्यांनाच."

"मग?"

"गेल्या वर्षी माझ्या ताईने विचारलं होतं. याच वर्गात. की नोट्समध्ये चूक आहे का म्हणून. तेव्हा तुम्ही म्हणालात, 'वा! कालपर्यंत नाक पुसता येत नव्हतं, आज आमची प्रुफं तपासायला निघाल्या बाईसाहेब.' सगळे खूप हसले. वर्षभर तिला प्रुफंच म्हणायचे." ती थांबली. "तिने मग विषय बदलला. तिला हा विषय आवडायचा."

बाईंना ते वाक्य आठवलं. ती ताई मात्र काही केल्या आठवेना, आणि याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"आणि त्या व्याख्या? शत्रू परत जायचा, राजा लवकर उठायचा?"

"शब्द तोच ठेवायचा होता, बाई. मग अर्थ लावावाच लागला."

दुपारी बाई प्राचार्यांकडे गेल्या. तक्रार परत द्या म्हणाल्या, कारण सांगितलं. प्राचार्यांनी सातवं पान वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि मुद्दाम उठून दार लावलं.

"बाई, दोन महिन्यांनी तुमचा निवृत्तीचा सत्कार आहे. याच नोट्सचं पुस्तक कॉलेजने छापलंय. पाचशे प्रती त्या कपाटात आहेत. आता हे कशाला उकरायचं? आपण असं करू. मुलांची चूक, पण बाईंनी मोठ्या मनाने माफ केली. मुलांचं वर्ष वाचलं, तुमचा मान राहिला. सुंठीवाचून खोकला गेला."

"आणि पुस्तक?"

"पुस्तक कोण वाचतंय, बाई?"

तोडगा असा गुळगुळीत होता, की बाईंचं मन त्यावरून लगेच घसरलं. हे इथे कबूल केलंच पाहिजे. त्या स्टाफरूममध्ये तासभर बसून राहिल्या आणि त्या तासात त्यांनी सत्काराच्या भाषणाची सुरुवातही मनात जुळवली. तीस वर्षं दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढून पोट भरलेल्या माणसाला आपल्या डोळ्यातलं मुसळ एकदम पेलत नाही.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्यापुढे नोट्स टाकल्या. त्याने सातव्या पानाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तुम्हाला माहीत होतं!"

"टायपिंगहून आल्या त्याच दिवशी पाहिलं होतं. पेन्सिलने खूण करून तुला दाखवली होती. तू म्हणालीस, तुम्ही आपले लग्नपत्रिकांतले अनुस्वार सांभाळा."

"मग पुन्हा का नाही सांगितलंत?"

"एकदा सांगितलं होतं ना," नवरा म्हणाला आणि भाजी ढवळायला लागला.

बाई स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या राहिल्या. त्यांना रडू आलं नाही, येईलसं मात्र वाटलं. घरात, वर्गात, सगळीकडे माणसं आपल्याशी किती कमी बोलतात, आणि आपण ती आपल्या धाकाची पावती समजत आलो, हे त्यांना त्या दारात उभं राहून कळलं. त्या रात्री त्यांनी दोन ओळींचा अर्ज लिहिला. नक्कल झालेली नाही, चूक माझ्या नोट्समधली आहे, तक्रार मागे घेते. पुस्तकाच्या प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्र चिकटवावं. नवऱ्याला तपासायला दिला. त्याने एक ऱ्हस्व दीर्घ केला आणि निमूटपणे परत दिला.

मंगळवारी सकाळी प्राचार्यांनी अर्ज वाचला, "मग सत्काराचं राहूच द्या," म्हणाले आणि तो फायलीत लावला. मुलांचं वर्ष वाचलं. ते आता कोणालाही हिरावून घेता येणार नव्हतं.

बाई वर्गात आल्या आणि खडू शोधू लागल्या. पुढच्या बाकावरच्याने घाईघाईने टेबलाच्या खणातून काढून दिला. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'भीतिचित्र हा शब्द चूक आहे. बरोबर शब्द भित्तिचित्र. ही चूक माझी आहे, आणि ती दाखवणाऱ्या मुलीला मी हसले, ही त्याहून मोठी चूक.'

मग त्या वळल्या आणि थांबल्या. कोणीतरी हसावं, अशी त्यांची फार इच्छा होती. मागच्या दोन बाकांनी तरी. कोणीतरी एक चिमटा काढावा, वाटलं तर तोंडावर चिमटाबाई म्हणावं, त्या तो मुकाट्याने घेणार होत्या. आज पहिल्यांदा त्या मार खायला तयार होऊन आल्या होत्या.

बेचाळीस माना खाली गेल्या. बेचाळीस पेनं चालू लागली. फळ्यावरची वाक्यं सगळ्यांनी शब्दन्‌शब्द वहीत उतरवून घेतली.

खिडकीजवळच्या मुलीने हात वर केला. बोल बाई, बोल, त्या मनात म्हणाल्या.

"बाई, हे परीक्षेला आहे का?"

बाईंच्या जिभेवर तीन उत्तरं तयार होती. तिन्ही अव्वल होती. त्यांनी ती तिन्ही गिळली.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "परीक्षेला नाही."

मुलीने मान डोलावली, दप्तरातून पट्टी काढली आणि वहीतली ती तिन्ही वाक्यं नीट, सरळ रेघ मारून खोडून टाकली.