दुपारी दोनला मान टाकणारा फोन

मी लिफ्ट दुरुस्त करतो. वीस वर्षं झाली. लिफ्ट बंद पडली की आधी बिघाड शोधायचा, एवढं मला झोपेतही कळतं. आमच्या साहेबांना ते जागेपणीही कळत नाही.

माझा फोन दोन-दोन दिवस चालायचा. मग ऑफिसनं सगळ्या मेकॅनिकांच्या फोनात हजेरीचं ॲप घालायला लावलं. मी कुठल्या इमारतीत आहे, किती वेळ आहे, ते मेलं मिनिटामिनिटाला कळवत बसतं. तेव्हापासून फोन दुपारी दोनला मान टाकतो. मोबाइलवाल्यानं तपासून सांगितलं, "काका, बॅटरी ठणठणीत आहे. हे एकटं ॲप निम्म्याहून जास्त खातंय."

तो आकडा मी साहेबांना दाखवायला गेलो. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "फोन जुना झालाय. नवीन घ्या." म्हणजे ॲप यांचं आणि खिसा माझा. चोर सोडून संन्याशाला फाशी.

परवा ऑफिसचीच लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. आत साहेब एकटेच. त्यांनी आम्हा चौघा मेकॅनिकांना फोन लावले. दोन वाजून गेले होते, एकाचाही लागला नाही. पाच वाजता मी परतलो तेव्हा शिपायानं सांगितलं, मग मी लिफ्ट खाली घेऊन दार उघडलं. साहेब घामानं निथळत बाहेर आले आणि माझ्यावरच खेकसले, "काय झालं होतं हिला?"

मी आत डोकावलोसुद्धा नाही.

"जुनी झालीय, साहेब. नवीन घ्या."