जांभळ्या जास्वंदीचं पुस्तक

छापखान्यात मला एका जागी उभं राहवत नव्हतं. मशीनवाल्याने दोनदा सांगून पाहिलं, "ताई, बसा की. खुर्ची चावत नाही." पण बसवेल तर ना! आमचं पुस्तक मशीनवर चढलं होतं. मुलांसाठी फुलांचं पुस्तक. शब्द माझे, चित्रं बाबांची. पहिला ताव निघाला की दोघांनी तो बघायचा, बाबांनी कोपऱ्यात सही करायची, मग पुढची छपाई. आणि आमचे बाबा फाटकापाशी उभे राहून झाडं बघत होते.

बघणारच म्हणा. गेल्या आठवड्यात त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला; डाव्यातला अजून आहे. अख्खी हयात दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेली, पण स्वतःच्या डोळ्यांचा विषय काढला की हे कानांवर हात ठेवणार. शेवटी मी ओढत नेलं. पट्टी निघाल्यापासून तर लहान मुलासारखं चाललंय. भिंत पांढरी आहे म्हणे. माझ्या केसांत चांदी आहे म्हणे. "कधी गं पिकले एवढे?" मी म्हटलं, "तुमच्या ऑपरेशनची वाट बघताना."

मी हसत होते, पण धास्ती वेगळीच होती. चित्रं त्यांनी मोतीबिंदू पिकत असताना काढली होती, सगळी आठवणीतून. निळा त्यांना फिका दिसायचा, म्हणून मनासारखं होईपर्यंत ते निळा ओतत राहायचे. जास्वंद जांभळी झाली, शेवंती हिरवट, पांढऱ्या लिलीचं तर काही विचारूच नका. मी एकदा म्हटलं होतं, "बाबा, जास्वंद जांभळी झालीय." तर म्हणाले, "डोळे तपासून घे." मग मी नाद सोडला. खरं सांगू, अशी फुलं मी जन्मात पाहिली नव्हती आणि मला ती वेड्यासारखी आवडली होती. ऑपरेशनच्या आधीच चित्रं छापखान्यात आली. नव्या डोळ्याने बाबांनी ती अजून पाहिली नव्हती.

ताव निघाला. बाबा आत आले, टेबलावर वाकले आणि बघतच राहिले.

"हे कोणी केलं?"

मशीनवाला चपापला. "काका, शाई बरोबर आहे. हवं तर मूळ चित्राशी जुळवून बघा." त्याने मूळ चित्र शेजारी आणून ठेवलं. बाबांनी ते बघितलं. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"छापायचं नाही," ते म्हणाले. "मशीन बंद करा."

"अहो बाबा!"

ते ऐकायला थांबलेच नाहीत. तरातरा बाहेर गेले, फाटकापासची जास्वंद तोडून आणली आणि तावावर आपटली. "बघ. ही लाल. आणि ही माझी. मुलं काय म्हणतील? म्हातारा आंधळा होता म्हणतील!"

माझं डोकं फिरलं. "फूल कसं असतं ते दाखवायला फूल आहेच की! त्यासाठी पुस्तक कशाला हवं? आणि शेवटच्या पानावर आपण काय छापतोय? 'तुला दिसतं तसं फूल इथे काढ.' मग तुम्हाला दिसलं तसं तुम्ही काढलंत, तर बिघडलं कुठे?"

"मुद्दाम काढलं असतं तर मान ताठ ठेवून सही केली असती. मी लालच काढत होतो गं. चुकीला कल्पनाशक्ती म्हणू नकोस."

मशीनवाला फडक्याने हात पुसत कधी माझ्याकडे, कधी घड्याळाकडे बघत होता. त्याच्याकडे पुढचं काम येऊन पडलेलं. मी टेबलाभोवती येरझाऱ्या घातल्या आणि रडकुंडीला येऊन म्हटलं, "काढताना तर 'जमलं बघ' म्हणून नाचत होतात! तेव्हा कसं दिसत होतं तुम्हाला?"

बाबांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला.

तसेच ते तावावर वाकले. हात काढला. पुन्हा ठेवला.

"लाल आहे," ते हळूच म्हणाले. "मला आठवते तशीच. अगदी तशीच."

"आणि हे खरं फूल?"

"हे मळकं दिसतंय. विझल्यासारखं." हात तसाच ठेवून ते माझ्याकडे वळले. "सगळंच असं दिसत होतं गं मला. तू, भिंती, सगळं. आणि त्यातून मी ही एवढी लाल करून ठेवली?" "म्हणजे चूक नव्हती ती."

"नव्हतीच," मी म्हटलं, आणि मला रडूच फुटलं.

तळहात डोळ्यावर तसाच ठेवून त्यांनी पेन मागितलं. सही वाकडी आली, पण आली. मशीनवाल्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि मशीन धडधडायला लागलं.

"दुसऱ्या डोळ्याचं कधी आहे?" त्या आवाजात बाबांनी ओरडून विचारलं.

"सोमवारी!"

"पुढे ढकल. पिकू दे अजून थोडा."

"अजिबात नाही! परवा जिन्यात पायरी चुकलात, मी होते म्हणून वाचलात. तारीख हलणार नाही."

मला वाटलं, आता भांडण होणार. पण त्यांनी मान डोलावली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि माझं मनगट धरलं. "मग चल घरी."

"अहो, पुस्तक तर बघू द्या! एवढी वाट बघितली मी!"

"पुस्तक कुठे पळून जातंय? डोळा सोमवारी जातोय. कण्हेर काढायची राहिलीय, गुलाब राहिलाय, चल लवकर!"

मागे माझं पुस्तक छापलं जात होतं आणि मी बाबांच्या मागे फाटकाकडे धावत सुटले होते.