टाळता न येणारं कारण

अकरावी ओव्हर संपली आणि दर्शना ग्लोव्ह्ज काढायला लागली. मला वाटलं, घाम पुसत असेल. मी पिचच्या मध्यावर गेले तर ती बॅट काखेत मारून उभी.

"प्रीती, मी चालले."

"कुठे?"

"सम्यकला पाजायला."

आंबिवलीच्या मैदानावर रविवारची लीग मॅच. आम्ही दिवा गावच्या पोरी, समोर डोंबिवलीचा क्लब. जिंकायला एकशे एकवीस हवे होते. दोन बाद बहात्तर झालेले आणि त्यातले त्रेचाळीस एकट्या दर्शनाचे. मी पलीकडच्या टोकाला उभी राहून एक-एक रन काढून स्ट्राइक तिला देत होते. माझं काम तेवढंच आणि मला त्यात आनंद होता. तिचा ड्राइव्ह जवळून बघायला मिळणं ही काही रोजची गोष्ट नाही.

सम्यक पाच महिन्यांचा. बाउंड्रीच्या दोरीपलीकडे आजीच्या मांडीवर होता आणि त्याचं रडणं आता पिचपर्यंत येत होतं. बाटली तो तोंडात धरत नाही. वाटी-चमच्याने दिलं तर थुंकतो. घरी सगळं करून झालेलं.

दर्शनाचा हिशोब चुकला नव्हता, हे आधी सांगते, कारण नंतर लोक तसंच बोलले. नऊला मॅच होती. तिने पावणेनऊला त्याला पोटभर पाजलं. आम्ही आधी बॅटिंग केली असती तरी आणि नंतर केली असती तरी मध्ये एक वेळ तिला मोकळी मिळत होती. पण नऊला मॅच सुरू होतेय कुठे? प्रमुख पाहुणे यायचे होते. त्यांच्या हस्ते पिचवर नारळ फुटल्याशिवाय आपल्याकडे बॉल पडत नाही. ते आले दहा वाजून गेल्यावर. मग हार, मग दोन्ही टीमशी हस्तांदोलन, मग नारी शक्तीवर भाषण. आम्ही बावीस जणी उन्हात ओळीने उभ्या. इनिंग्ज बदलताना दर्शनाने पुन्हा पाजायला घेतलं, तर तेव्हा झोपेत असलेलं पोरगं नीट प्यायलंच नाही. आता जागं झालं होतं.

आणि ही दर्शनाची बाळंतपणानंतरची पहिलीच मॅच. आमची कॅप्टन प्राची तिला घ्यायला तयार नव्हती. "आई झालीस, आता स्कोअरिंगला बस, तेवढीच संगत राहील," असं म्हणालेली. दर्शनाने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला पॅड बांधून हजर. शेवटी प्राची म्हणाली, "एक मॅच बघू." म्हणजे आजची. आज नाही जमलं तर तिचं क्रिकेट संपलं. हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

म्हणून मी तिला हळूच म्हटलं, "अगं, पोटरी धरली म्हणून सांग. लंगडत जा थोडी. हर्ट म्हणून गेलीस की परत येता येतं."

"पोटरीला काय झालंय?"

"काही झालं नाही गं, पण सांगायला काय जातं?"

"माझ्या पोराला भूक लागलीय," ती म्हणाली. "त्यात माझ्या पोटरीचा काय संबंध?"

ती सरळ अंपायरकडे गेली. साईनाथ सर आमच्या भागातले जुने अंपायर. माणूस वाईट नाही. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं. हे सर म्हणजे सगळ्यांचं मन राखणारे. त्यांनी रिटायर व्हायचं कारण विचारलं. तिने सांगितलं. सरांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग आभाळाकडे.

"बघ, दुखापत वगैरे काही आहे का? काहीतरी दुखत असेलच ना?"

"दुखतंय ना सर. दूध भरून छातीचा दगड झालाय. पण ते दुखापत म्हणून धरू नका. मी बाळाला पाजायला चाललेय. तेच कारण."

सरांचे कान लाल झाले. छाती हा शब्द आमच्याकडे डॉक्टर सोडून कुणी बोलत नाही. बाईने तर नाहीच, आणि तेही पिचवर उभं राहून. दर्शनाने तो शब्द ऑफ स्टंपच्या बाहेरचा बॉल सोडावा तसा शांतपणे सोडून दिला आणि चालायला लागली. धावत नाही, मान खाली घालून नाही. बाळंतिणीने भर मैदानातून असं जावं, हे मी पहिल्यांदा बघितलं.

बाउंड्रीला बसून तिने पॅड न सोडताच पोराला घेतलं. रडणं थांबलं. तिच्या सासूने, शालनमावशींनी, पदराचा आडोसा धरला तर तिने तोही बाजूला केला. "आई, गरम होतंय त्याला."

इकडे आमचं जे व्हायचं ते झालं. प्राची आली आणि तिसऱ्या बॉलला मिडऑनच्या हातात देऊन गेली. तिच्यानंतरची पोरगी रनआउट. रिटायर झालेल्या बॅट्समनला मध्येच वाटेल तेव्हा परत येता येत नाही, कुणाची तरी विकेट पडावी लागते. दर्शना पाजून, तोंडावर पाणी मारून, हेल्मेट घालून दोरीजवळ तयार उभी राहिली, तर आता विकेट पडेना. मी आणि माझी पार्टनर बॉल अडवत बसलो. बाहेरून आमच्याच टीमच्या पोरी ओरडायला लागल्या, "प्रीती, आउट हो ना गं. एवढं काय धरून बसलीस?" आपल्याच लोकांनी आउट हो म्हणावं, यासारखा सन्मान नाही.

सोळाव्या ओव्हरच्या शेवटच्या बॉलला पार्टनर बोल्ड झाली. पाच बाद त्र्याण्णव. चार ओव्हर्स, अठ्ठावीस रन.

दर्शना आत आली आणि डोंबिवलीचे मॅनेजर जगन सरही आत आले. मॅनेजरने मैदानात यायचं नसतं. पण क्लबचा ट्रॅकसूट घातला की माणसाला आपण कुठेही जाऊ शकतो असं वाटतं.

"साईनाथ, हिला कशी काय परत घेतोस? ही रिटायर्ड आउट आहे."

"सर, थांबा, बघतो."

"बघायचंय काय? नियम साधा आहे. आजार, दुखापत किंवा टाळता न येणारं कारण असेल तर परत येता येतं. हिला आजार नाही, दुखापत नाही, ती स्वतःच म्हणाली. आता पोराला दूध पाजणं टाळता येत नाही होय? बाटली नावाची वस्तू आहे जगात."

दोरीजवळून शालनमावशी म्हणाल्या, "तुम्हाला बाटलीवर वाढवलं असेल म्हणून असे झालात."

स्लिपमधली पोरगी खुदकन हसली. जगन सरांनी तिकडे बघितलं तसं तिने टोपी ठीक केली.

"हे बघा, हे खेळाचं मैदान आहे," ते म्हणाले. "इथे घरच्या अडचणी आणायच्या नाहीत. नाही जमत तर घरी थांबावं."

दर्शना म्हणाली, "सर, मॅच कितीला होती?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"नऊला होती. दहा वाजून गेल्यावर सुरू झाली. का?"

"पाहुणे यायचे होते. त्यांना उशीर झाला, त्याला आपण काय करणार?"

"म्हणजे ते टाळता येत नव्हतं."

  असल्या माणसांना उत्तर नसलं तरी आवाज असतो. जगन सर पुन्हा सुरू झाले, लीगची शिस्त, उद्या कुणीही उठून काहीही कारण सांगेल, आम्ही तक्रार करू. साईनाथ सरांनी या सगळ्यातून त्यांच्या स्वभावाप्रमाणे पळवाट काढली.

"एक मार्ग आहे," ते म्हणाले. "कारण बाजूला ठेवू. समोरच्या कॅप्टनने संमती दिली तर बॅट्समन परत येऊ शकते. नियमातच आहे. ऐश्वर्या, तू हो म्हण, विषय संपला."

ऐश्वर्या म्हणजे डोंबिवलीची कॅप्टन. उंच, फास्ट बॉलर, मॅचभर आमच्याशी एक शब्द बोलली नव्हती. ती हातातला बॉल पॅन्टला घासत होती.

"देऊ नकोस," जगन सर म्हणाले. "अठ्ठावीस रन आहेत. ही आली तर मॅच गेली."

ऐश्वर्याने दर्शनाकडे बघितलं.

"नाही देणार," ती म्हणाली.

दर्शनाचा चेहरा मी बघितला. तिने हेल्मेटचा पट्टा सोडायला हात वर नेला फक्त. मला तेव्हा ऐश्वर्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

"शाब्बास," जगन सर म्हणाले.

"शाब्बास काय सर? माझं पूर्ण ऐका." ती साईनाथ सरांकडे वळली. "संमती म्हणजे मी उपकार केल्यासारखं. आज मी हो म्हणेन. उद्या मला पोर झालं आणि समोरची कॅप्टन नाही म्हणाली, तर? मी कुणाकुणाच्या पाया पडायचं? माझी संमती लागतच नाही इथे. अंपायर तुम्ही आहात. पोर भुकेने रडत होतं ते कारण टाळता येण्यासारखं होतं, असं तुम्ही तुमच्या तोंडाने सांगा. सांगा, मग ही जाईल बाहेर."

"अगं पण तू हो म्हटलंस की—"

"मी नाही म्हणालेय सर. आता तुम्ही ठरवा."

इतकी वर्षं खेळतेय मी. मोठमोठ्या बॉलर्सना सामोरी गेलेय, म्हणजे आमच्या भागातल्या मोठ्या. पण एखाद्या माणसाला त्याच्याच खुर्चीत असं बसवताना कुणाला पाहिलं नव्हतं. साईनाथ सर लेग अंपायरकडे गेले. दोघे बराच वेळ बोलले. लेग अंपायरला तीन मुलं आहेत, हे मला नंतर कळलं, पण तेव्हाही त्याच्या हातवाऱ्यांवरून साधारण अंदाज येत होता.

सर परत आले. आवाज खणखणीत नव्हता, पण शब्द स्पष्ट होते. "कारण टाळता न येणारं होतं. बॅट्समन हक्काने परत येतेय. कॅप्टनच्या संमतीचा प्रश्न नाही. जगन सर, तुम्ही बाहेर व्हा."

"मी लेखी तक्रार करणार."

"करा सर," ऐश्वर्या म्हणाली, "पण बाहेर जाऊन करा. ओव्हर रेट कमी पडतोय आपला."

आणि मग तिने दर्शनाला जी बॉलिंग केली, तिला दयामाया म्हणत नाहीत. पहिला बॉल थेट हेल्मेटवरून. दर्शनाने मान मागे घेतली आणि हसली. दुसरा तिने पॉइंटच्या शेजारून काढला. मी पलीकडे उभी राहून बघत होते आणि दोघींपैकी कुणाची बाजू घ्यावी हे विसरत होते. एकीला दुसरीचं कौतुक आहे, आणि म्हणूनच तिला ती उखडायची आहे. खेळ म्हणतात तो हाच. हार-नारळवाल्यांना तो कधी कळायचा नाही.

शेवटची ओव्हर, नऊ रन. बॉल ऐश्वर्याकडे. पहिल्या बॉलला दर्शनाने सरळ चौकार मारला, बॉल अंपायरच्या पायाजवळून गेला. दुसरा हुकला. तिसरा यॉर्कर होता, पायाच्या अंगठ्यावर. मिडल स्टंप उडाला. दर्शनाने स्टंपकडे बघितलं, मग ऐश्वर्याकडे, आणि बॅटवर टाळी दिल्यासारखा हात मारला. अठ्ठावन्न. ती आउट झाली ती बॉलवर झाली. मॅनेजरच्या शब्दावर नाही.

उरलेल्या बॉल्समध्ये मी आणि नवीन पोरीने मिळून दोन रन काढले. शेवटच्या बॉलला तीन हवे होते, म्हणजे चौकारच. मी जीव खाऊन मारला, तो थेट फील्डरकडे गेला. मॅच दोन रनांनी गेली. जगन सरांनी तक्रार केली नाही. जिंकलेल्या माणसाला शिस्तीची आठवण राहत नाही.

आम्ही दोरीबाहेर आलो तेव्हा दर्शना पॅड सोडत होती. सम्यक झोपलेला. मला वाटलं, आता प्राची काहीतरी समजुतीचं बोलेल, पुढच्या सीझनचं वगैरे. तसं बोलली असती तर मी टीम सोडणार होते, ठरवलेलं.

प्राची तिच्यासमोर उकिडवी बसली.

"तू गेल्यावर मी घाईत आले आणि फुकट विकेट टाकली. दोन रन तिथेच गेले," ती म्हणाली. "पुढची मॅच विठ्ठलवाडीला आहे. त्या ग्राउंडवर एक झाड नाही. मी घरून ताडपत्री आणते, बांबू तिथे मिळतील. याला सावली पाहिजे."

"आणि स्कोअरिंग?" दर्शनाने विचारलं.

"स्कोअरिंगला बघू कुणीतरी. ओपनिंगला तू आहेस."

शालनमावशींनी नातवाच्या तोंडावरची माशी वारली. "ताडपत्री मोठी आण गं पोरी," त्या म्हणाल्या. "मला पण बसायचंय."