देव्हाऱ्यातलं यंत्र

कुंकवाचा ठिपका जरा वाकडाच लागला होता. साबणदाणीएवढ्या त्या पांढऱ्या यंत्राला कपाळ असं नव्हतंच, म्हणून सुचित्राने वरच्या कडेला, हिरव्या दिव्यापासून बोटभर अंतर ठेवून तो लावला होता – वर दोन अक्षता, एक जास्वंद. जास्वंद आता बदलायला हवी... आणि ती उचलताना तिचा डावा हात नकळत छातीशी गेला. ती होतीच तिथे, कातडीखाली – काडेपेटीतल्या दोन-तीन काड्या एकत्र बांधाव्यात एवढी पट्टी. सोमवारी डॉक्टरांनी दहा मिनिटांत आत सरकवली, तेवढीच जागा बधिर करून, आणि सुचित्रा सबंध वेळ त्यांना खरवस कसा ओळखावा ते सांगत होती. पट्टी हृदयाचे ठोके टिपणार, तीन वर्षं. आणि हे बाहेरचं यंत्र ते सगळं रोज रात्री, ती झोपलेली असताना, हॉस्पिटलला कळवणार.

घरात आलेल्या प्रत्येक यंत्राला कुंकू, हा आईचा नियम. मिक्सरला, फ्रिजला, हितेंद्रच्या पहिल्या स्कूटरला. गीझर आला तेव्हा तर आई स्टुलावर चढली होती आणि खाली हितेंद्रने स्टूल धरायचं सोडून हसत बसकण मारली होती. तोच हितेंद्र आता घोडबंदरला चौदाव्या मजल्यावर राहतो आणि धाकटा असून वडीलकीने बोलतो. "ताई, दोनदा चक्कर येऊन पडलीस. रविवारी येतोय मी. मशीनमध्ये काही निघालं तर बॅग भरायची, मी ऐकणार नाही हं." चांगला आहे हो तो. भावजय तर सोन्यासारखी. तिथे लिफ्ट आहे, बाग आहे, ताईसाठी वेगळी खोली आहे... फक्त ही गॅलरी नाही. गिरगावातल्या या तिसऱ्या मजल्यावर, लाकडी कठड्यावर, एकसष्ट वर्षांत तिच्या कोपराने गुळगुळीत केलेली एक जागा आहे. अकरा वाजता तिथे उभं राहिलं की शेजारची दर्शना कोथिंबिरीची जुडी घेऊन येते, आणि निवडता निवडता दोघी मिळून अख्ख्या चाळीचा निकाल लावतात. ते सोडून चौदाव्या मजल्यावर कुणाचा निकाल लावायचा?

दोनदा, म्हणे. एकदा भाजीबाजारात, एकदा दर्शनाच्या उंबऱ्यात, साबुदाण्याच्या खिचडीसकट. तिसरी वेळ हितेंद्रला ठाऊक नव्हती. जूनमध्ये, मोरीत – जाग आली तेव्हा नळ बांगड्यांवर वाहत होता आणि गाल फरशीला टेकलेला... किती वेळ, कोण जाणे. ती उठली, नळ बंद केला, आणि ते कुणालाही सांगितलं नाही.

फोन वाजला.

"काकू, हॉस्पिटलमधून अपेक्षा बोलतेय. सोमवारी मशीन समजावून दिलं ना, ती मी. तीन रात्री झाल्या, तुमच्याकडून काहीच आलं नाही. मशीन ठेवलंय कुठे?"

"देव्हाऱ्यात."



"आणि तुम्ही झोपता कुठे?"

"बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी. देव्हारा आत, स्वयंपाकघरात."

"अहो काकू!" ती पोरगी अशी काही हसत सुटली की सुचित्रालाही आवरेना. "आम्हाला तुमचं हृदय बघायचंय, देवाचं नको!"

हसता हसता सुचित्रा ओट्याला टेकली. सोमवारी याच मुलीने तीनदा बजावलं होतं – उशाशी, हाताच्या अंतरावर. आपण तीनदा मान डोलावली होती. कुंकू लावायला दोन मिनिटं पुरतात... आईने फ्रिज काही देव्हाऱ्यात ठेवून दिला नव्हता. लबाड! देवाच्या आड लपलीस की गं, सुचित्रा.

"मग त्या तीन रात्री वाया गेल्या का?" तिने विचारलं, आणि आपण 'हो'ची वाट बघतोय हे तिला स्वच्छ कळलं.

"नाही हो, आतली पट्टी जपून ठेवते. मशीन जवळ घ्या, सगळं एकदम येईल."

म्हणजे कालचंही. काल संध्याकाळी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर जिना अचानक काळा झाला होता, तिने कठडा घट्ट धरला होता आणि दर्शनाला सांगितलं होतं, गुडघा धरलाय.

"अपेक्षा, त्यात काही निघालं तर... मला एकटं राहता येणार नाही ना?"

"उलटं आहे, काकू. कारण सापडलं की इलाज करता येतो. गोळ्या असतात, पेसमेकर असतो. माझे कितीतरी पेशंट एकटे राहतात, मजेत. कारण सापडत नाही ना, तेव्हाच घरचे घाबरतात."

सुचित्राने यंत्र उचललं. अक्षता ओट्यावर सांडल्या. वायर गुंडाळत ती बाहेरच्या खोलीत आली, खिडकीपाशी, पलंगावर बसली, प्लग लावला आणि अपेक्षाने सांगितलेलं बटण दाबलं. हिरवा दिवा लुकलुकू लागला.

"मी जूनमध्येही पडले होते. मोरीत. कुणाला बोलले नाही," ती म्हणाली. "आणि काल जिन्यात डोळ्यांपुढे अंधार आला."

"बरं झालं सांगितलंत. कालची वेळ आठवते?"

आठवत होती. सातला पाच कमी. खालच्या मजल्यावर कुणीतरी कांदा परतत होतं. सांगून टाकलं. घर जागच्या जागी होतं. बाहेरून दर्शना ओरडली, "ताई, कोथिंबीर सुकली! येताय ना?"

"आले गं, पाच मिनिटं!"

रविवारी हितेंद्र येईल, त्यालाही सांगायचं, मोरीचंसुद्धा. चिडेल... चिडू दे. कुंकू पुसावं का? राहू दे वाकडंच. दिवा लुकलुकत होता आणि सुचित्राच्या लक्षात आलं की आपण श्वास रोखून बसलोय, फोटो काढून घेताना बसतात तशा. तिला पुन्हा हसू फुटलं, आणि हसण्याने छातीत सगळं कसं धावायला लागलं – तीन रात्री मी गप्प होते, तर कुणाच्या तरी ते ध्यानात आलं! – धावू दे, तेही टिपून घ्या, कालचं घ्या, जूनचं घ्या, आत्ताचंही घ्या... मी घरीच आहे.